अंकलना नाचायचं होतं

आमच्या कांदिवलीच्या गावठाणात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे लग्न असलं की अमेरिकन कंट्री गाणी हवीतच. समोरच्या घरातले अंकल जन्मभर अशा लग्नांत बेस गिटार वाजवत आले. ड्रमवाला मुलाकडे कॅनडाला गेल्यापासून तर सगळी लय त्यांच्याच हातात. ते थांबले की गाणंच बसायचं. लोक नाचायचे, अंकल कोपऱ्यात उभे. स्वतःच्या बायकोबरोबर ते एकदाही नाचले नव्हते. हे आंटींनी मला एकदा मटण वाढता वाढता हसत सांगितलं. अंकल ताटात बघत राहिले.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. आंटींचे गुडघे गेलेले, पायरी उतरायलाही आधार लागायचा. एका संध्याकाळी अंकल बेस घेऊन माझ्याकडे आले.

"तू भजनात पखवाज वाजवतोस ना रे? मग एक गाणं शीक. त्या दिवशी तू वाजव, मी हिला घेऊन नाचतो. पुढच्या वर्षी हिला उभं राहता येईल का, काय माहीत."

मी लगेच हो म्हटलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! गाणं संथ, तीन मात्रांचं. मला वाजवायचे होते फक्त दोन सूर: एकदा सा, पुढच्या खेपेला प. तेही पहिल्या मात्रेवर, आणि उरलेल्या दोन मात्रा गप्प. जाड तारांनी बोटांना फोड आले त्याचं काही नाही, पण गप्प बसणं जमेना. पखवाजवाल्याला रिकामी मात्रा दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

"हे चालणं हाय," अंकल रोज बजावायचे. "धावायचं नाय."

त्या दिवशी घरामागच्या मांडवात अंकलनी बेस माझ्या गळ्यात अडकवला, तळवे पँटला पुसले आणि ते आंटींसमोर जाऊन उभे राहिले. अंकलचा मेव्हणा गिटार घेऊन गाऊ लागला. पहिलं कडवं झकास गेलं. आंटींनी अंकलच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले होते. मग पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

आम्हा कोकणातल्या भजनवाल्यांना टाळ्या पडल्या की लय चढवायची, एवढंच ठाऊक. गजर रंगतो तो तसाच. माझे हात इतकी वर्षं तेच करत आलेले, त्या दिवशीही त्यांनी तेच केलं, आणि मला पत्ता लागला नाही. गिटार माझ्यामागून फरफटत आली. आंटींनी दोन पावलं घाईघाईने टाकली, तिसरं काही पडेना. त्यांनी अंकलचा शर्ट घट्ट धरला आणि त्या हसत म्हणाल्या, "बस, दमले बाबा." कोणीतरी खुर्ची पुढे केली. पाहुण्यांना वाटलं नाच संपला. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

अंकल माझ्याकडे आले. माझ्या गळ्यातला बेस काढून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला, गाणं हळूहळू जागेवर आणलं आणि उभ्या उभ्या संपवलं.

"होतं रे," नंतर एवढंच म्हणाले. "पुढच्या वेळी बघू." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढची वेळ आलीच नाही. आंटी न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या अंथरुणालाच आहेत. मी मात्र अंकलचा बेस घरी आणून रोज वाजवतो, मोबाइलवर ठोका लावून. आता कोणी कितीही टाळ्या वाजवोत, माझी लय हलत नाही. हे तेव्हा का जमलं नाही, या विचाराने जीव जळतो.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन ते गाणं वाजवतो. अंकल पलंगाच्या कडेला बसून ऐकतात. परवा गाणं संपलं. आंटी म्हणाल्या, "आता जमलं रे तुला. एवढ्या संथ चालीला मी पुरं गाणं नाचले असते."

अंकल उठले आणि त्यांच्या पायावरची चादर सारखी करू लागले.