धुरपताची भट्टी

चोरखमारा तलावाच्या कालव्यावर आमचं गाव. गावात लोहाराचं घर एकच, श्यामलालचं. पूर्वी तो नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे करायचा आणि कापणी झाली की कामाच्या मोबदल्यात घरोघरचं धान त्याच्या अंगणात येऊन पडायचं. ट्रॅक्टर आले, मग हार्वेस्टर आलं आणि ते धान आटलं. त्यातच श्यामलालला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला.

त्याची बायको धुरपता लग्न होऊन आली तेव्हापासून घण मारत होती. लोखंड तो धरायचा, ठोकायची ती. तरी लोकांच्या लेखी लोहार म्हणजे श्यामलाल. त्याचा हात गेला आणि लोक बाजारातून विळे आणू लागले. धुरपताने भट्टी मोडली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "त्यायचा हात गेला जी, माहे तं आहेत ना."

मागच्या दिवाळीनंतर पिकल्या धानावर पाऊस कोसळला. शेतांच्या बांध्यांत पाणी साचलं, धान आडवं झालं, हार्वेस्टर उतरेना. बाजारचे पातळ विळे ओल्या धानात वाकायला लागले. मग सगळ्यांनी आढ्यात खोचलेले जुने विळे काढले आणि ते पाजवून घ्यायला धुरपताच्या अंगणात गर्दी केली.

त्या गर्दीत भुपेंद्रही होता, जुन्या मालगुजाराचा नातू, गावातला सर्वांत मोठा शेतकरी. त्यांच्या घरून कारागिराला बोलावणं जायचं. तो स्वतः लोहाराच्या दारी कधी आला नव्हता.

पावसाने वीज गेलेली. भट्टीला वारा घालणारं यंत्र बंद होतं. धुरपताने हाताने फिरवायचा जुना पंखा बाहेर काढला, पण पंखा फिरवेल कोण? तिने मान वर केली. "मालक, उभे काऊन राहिले? पंखा फिरवा ना जरा."

भुपेंद्रने चपला काढल्या आणि तो भट्टीपाशी बसला.

"जोरात फिरवू का, काकी?"

"हळूच. लोखंड जाळाचं नाही."

खाटेवरून श्यामलाल म्हणाला, "लाल झालं, काढ आता."

"मले दिसून राहिलं. तुमी चूप बसा."

लोक हसले. श्यामलालही हसला.

दुपारपर्यंत भुपेंद्रचा पांढरा सदरा काळा झाला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने मागे उभ्या नंदाबाईचा विळा पुढे सरकवला. "हिचं आधी करा, काकी. ठेक्याची एकच बांधी आहे हिची, तीही पाण्यात."

धान थोडं काळं पडलं, पण घरात आलं.

यंदा शेतं कोरडी होती, भुपेंद्रने हार्वेस्टरच लावलं. पण विळ्याला धार लावायची झाली तर गाव आता "धुरपताकाकीकडे जातो" असंच म्हणतं. श्यामलालला त्याचं काही वाटत नाही. आलेल्याला तो खाटेवर जागा करून देतो आणि सांगतो, "बसा जी, लोहार जेवून राहिली."