मागच्यासाठी दिवा

कानमिस्त्रीला खरं नाव होतं, पण लाइटबिल सोडलं तर ते कुठं वापरात नव्हतं. गाडी आली की हा माणूस बॉनेट उघडायचा, दीड फुटी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग गिऱ्हाईक कितीही बडबडू दे, हा आपला त्या गावचाच नाही. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणायचा, "तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय." उघडून बघितलं की तिसऱ्याचंच निघायचं. कुणी म्हणालं, एकदा मशीन लावून तपासा की, तर फाडकन उत्तर यायचं, "मग मशीनकडंच न्या ना, माझ्याकडं कशाला आलात?"

तोंड असं फटकळ, पण हाताला गुण होता म्हणून धंदा चालला. लग्न केलं नाही. घरी तो आणि वहिनी, दोघंच.

हा कान शोधून काढला होता त्याच्या दादानं. दादा फौजेत ट्रक चालवायचा. मिस्त्री सोळा वर्षांचा असताना दादाच्या ताफ्यानं जवळच तासभर मुक्काम केला आणि पठ्ठ्यानं आपला ट्रक सरळ गल्लीत घातला. लांबूनच ओरडला, "पाणी काढ गं!" ते त्याचं नेहमीचंच होतं. वहिनी गरम पाणी काढून ठेवायची, दारात उभी राहून म्हणायची, "हातपाय धुवून घ्या," आणि मगच बाकीचं बोलणं. त्या दिवशी धाकटा मात्र ट्रकला कान लावून उभा. "दादा, यात एक टकटक जास्तीची आहे." बघितलं तर चौथा व्हॉल्व्ह ढिला. दादा खूश! "अरे, कान आहे का चेष्टा!" म्हणून त्यानं आपला लांब स्क्रूड्रायव्हर तिथल्या तिथं धाकट्याला देऊन टाकला. ट्रक मात्र तसाच टकटकत गेला, कारण मुक्कामाचा तास संपला होता.

चार महिन्यांनी कागद आला. पहाटेच्या धुक्यात, घाटातल्या वळणावर, ताफ्यातली दुसरी गाडी, म्हणजे दादाची, सरळ दरीत गेली. चालकाला डुलकी लागली असावी. बस्स, एवढंच लिहिलेलं. दरी खोल होती, त्यामुळं आणायला काही उरलं नव्हतं.

डुलकी कागदावर होती. गल्लीत शिरल्यावर तिची दारू झाली. लोकांचं काय जातंय, उचलली जीभ लावली टाळ्याला. वहिनी कुणाशी भांडली नाही. एवढंच म्हणायची, "ते गाडीवर झोपणारे नव्हते." ती स्वयंपाक करायची, कपडे शिवायची, दिराचा डबा वेळेवर पोचवायची, पण त्या दिवसापासून तिनं घरात कुणासाठी पाणी काढलं नाही. चाळीस वर्षं मिस्त्री आपलं पाणी आपणच काढत आला. दोघांनाही उभ्या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी यावं आणि सांगावं, की तो झोपला नव्हता.

हिवाळ्याच्या तोंडाशी एक म्हातारा आला. हातात काठी, पण पाठ ताठ. मागं क्रेनला बांधलेला फौजी ट्रक, सहा चाकांचा, गंजलेला, समोरची काच तडकलेली.

"लिलावातून शोधून काढलाय," म्हातारा म्हणाला. "ह्याच नंबरचा हवा होता. पूर्वी मीच चालवायचो."

"इंजिन जाम झालंय. भंगारात घाला," मिस्त्री म्हणाला.

"नवं डिझेल इंजिन घाला. गिअरबॉक्स, ॲक्सल, सगळं नवं. जुना क्लच माझ्या गुडघ्याला दाबवत नाही आणि हे पेट्रोलचं धूड आता घाट चढणार नाही. मला एकदा घाट चढायचाय." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि मागचा छोटा दिवा लागला पाहिजे. बाकी काही राहिलं तरी चालेल."

तो दिवा मिस्त्रीला दादामुळं ठाऊक होता. मोठे दिवे बंद ठेवून ताफा चालवायचा असेल, तर मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर पांढरा गोल रंगवतात आणि चासीखालून बोटभर दिवा फक्त त्या गोलावर उजेड पाडतो. मागचा ड्रायव्हर तेवढा गोल बघत येतो. गोल वळला की वळायचं, गोल थांबला की थांबायचं. दादा म्हणायचा, "पुढच्यावर भरवसा नसेल तर ही नोकरी करूच नये."

मिस्त्रीनं सवयीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला. जाम झालेल्या इंजिनात काय ऐकू येणार? पण मूठ कानाला लागली आणि त्याचे डोळे मिटायच्या ऐवजी उघडले. खोल आत काहीतरी चालू होतं. त्यानं झटकन हात काढला, क्रेनचं इंजिन असेल म्हणून मनाची समजूत घातली. क्रेन तर केव्हाच निघून गेली होती.

काम सुरू झालं. अपघातातल्या एका नव्या लॉरीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल मिळालं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. नवे माउंटिंग वेल्ड केले, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केला, बॅलन्स करून आणला. मागचा ॲक्सलही बदलला. जुन्यावरचा पांढरा गोल अजून पुसट दिसत होता. म्हातारा रोज यायचा, स्टुलावर बसायचा, पण ट्रकच्या पुढच्याच बाजूला. मागं म्हणून कधी गेला नाही. एकदा पान्हा घरंगळत मागच्या चाकापाशी गेला, तर म्हाताऱ्यानं पाय मागं घेतला आणि तिकडं बघायचंही टाळलं.

जुनं इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलं होतं, नवं अजून बसायचं होतं. म्हणजे ट्रकच्या पोटात इंजिन नावाची वस्तूच नव्हती. अशा एका दुपारी मिस्त्रीनं नुसत्या चासीला कान लावला. का लावला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन चालू होतं, लांब, पण एका लयीत. आणि त्या लयीत एक टकटक जास्तीची होती.

मिस्त्रीनं कान पुसून परत लावला, तरी टकटक होतीच. वय झालं, कान वाजायला लागले, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण ज्याच्या कानावर आख्खं आयुष्य उभं, त्यानं कानावरच अविश्वास दाखवायचा तर मग उरलं काय? घरी तो काही बोलला नाही. दोन दिवस डबा मात्र अर्धा परत गेला आणि वहिनी नुसती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. हा जातिवंत बडबड्या. गाडीखाली गेला तरी तोंडाचा पट्टा चालू असायचा. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, तो गाडीखाली एकदम गप्प झाला.

"मिस्त्री, बॅटरी कधी बसवली?"

"अजून आणलीच नाही. का रे?"

वायरमन कोपरांवर सरपटत बाहेर आला. "मग तो मागचा दिवा कशावर चाललाय?"

मिस्त्री फळीवर आडवा होऊन आत सरकला. नव्या ॲक्सलच्या काळ्या गोळ्यावर उजेडाचा वाटोळा ठिपका पडला होता, स्थिर, जरा पिवळट. त्यानं तळहात मध्ये धरला. ठिपका तळहातावर आला. दिव्याच्या टोपणाला बोट लावलं, ते कोमट होतं. उजेड हळूहळू विझला आणि हात तसाच वर राहिला. वायरमन तोवर "उद्या येतो" म्हणून पसार झाला होता.

वायर कुठं जाते हे आता बघणं भागच होतं. मिस्त्री बोटांनी चाचपत पुढं गेला. केबिनच्या खाली वायरला एक जोड लागला, पिळा मारलेला, वर कापडी टेप. हा कारखान्यातला जोड नव्हता, कुणीतरी घाईत हातानं केलेला. जोडातून निघालेली दुसरी वायर ड्रायव्हरच्या सीटखाली गेली होती. सीट उचकटली. खाली एक पत्र्याचा कोनाडा, आणि त्याच्या तळाशी गरम भांडं ठेवून ठेवून पडलेला जळका गोल.

मिस्त्री बाहेर आला, तर स्टुलावर म्हातारा बसलेला आणि दारात वहिनी डबा घेऊन उभी.

"ह्या दिव्याची वीज कुणी चोरली?" मिस्त्रीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "मी. थंडी फार असायची. चहाची कॉइल जोडली होती. कॉइल लावली की दिवा विझायचा. पाणी उकळायला चारच मिनिटं लागायची, चार मिनिटांत काय होतंय असं वाटायचं." त्यानं उचकटलेल्या सीटकडं बोट केलं. "त्या पहाटे मी पाणी ठेवलं आणि वळण आलं. मी वळलो. माझ्या मागं तुमचा दादा होता."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चौकशी आली तेव्हा मी कॉइल काढून फेकली होती. दिवा झकास लागत होता. साहेबांनी विचारलं, मागच्याला काय झालं असेल? मी म्हणालो, डुलकी लागली असेल. तो शब्द माझा आहे. म्हणूनच ट्रक मुद्दाम तुमच्याकडं आणला, पण सांगायला जीभ उचलत नव्हती."

मिस्त्रीच्या हातात बावीसचा पान्हा होता आणि तो हात वर गेला होता. चाळीस वर्षांचा राग एका मनगटात उतरला होता. वहिनीनं डबा खाली ठेवला आणि त्याचं मनगट धरलं. तिनं म्हाताऱ्याला एकच विचारलं.

"म्हणजे ते जागे होते?"

"जागे होते, बाई. जागे होते म्हणूनच माझ्यावर विसंबून येत होते."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. ती रडली, चांगलं मोकळं रडली, आणि म्हातारा खाली मान घालून बोलत राहिला. "तेव्हापासून माझ्या मागं गाडी आहे. कुठलीही गाडी चालवली तरी मागं तिचा आवाज. मी थांबलो की ती थांबते. म्हटलं, मरायच्या आधी दिवा लावून एकदा त्याला ते वळण नीट पार करून द्यावं."

"मी याच्या ट्रकला हात लावणार नाही," मिस्त्री ओरडला. "जाळून टाकीन!"

वहिनीनं डोळे पुसले. ती म्हाताऱ्याकडं वळली, तेव्हा तिचा आवाज उशिरा आलेल्या माणसाला झापावं तसा होता. "चाळीस वर्षं ते तुमच्या मागं हिंडतायत, आणि तुम्ही त्यांना नुसतं फिरवताय होय? नुसतं वळण काय पार करून देताय? घरी घेऊन या त्यांना." मग दिराला म्हणाली, "भाऊजी, गाडी पुरी करा."

भाऊजींनी पुरी केली. तो जोड कापला, दिव्याला नवी सलग वायर टाकली. घरून ताटली आणून ॲक्सलच्या गोळ्यावर वाटोळी रेघ आखली आणि पांढरा रंग स्वतःच्या हातानं दोनदा मारला.

निघाले त्या सकाळी धुकं असं की गल्लीचं टोक दिसत नव्हतं. म्हातारा चालवायला, मिस्त्री शेजारी. नवा क्लच लोण्यासारखा, डिझेल घाट तक्रार न करता चढलं. त्या वळणाच्या पुढं रस्ता रुंद होता. तिथं ट्रक फिरवून घराच्या दिशेनं उभा केला. म्हाताऱ्यानं छोट्या दिव्याचं बटण दाबलं.

"आता ऐका," तो म्हणाला.

मिस्त्रीनं दादाचा स्क्रूड्रायव्हर केबिनच्या तळाला टेकवला. आधी आपलंच डिझेल ऐकू आलं, चार सिलिंडर, साफ. मग त्याच्यामागं दुसरं.

"आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहे." मिस्त्रीनं मूठ कानाला आणखी दाबली. "गाडीभर अंतर ठेवून आहे. चला. वळणं हळू घ्या."

म्हातारा हळू घेत गेला. प्रत्येक वळण आधी ते पार करायचे, आणि क्षणभरानं मागचा आवाज तेच वळण घ्यायचा. दादा गेला त्या वळणावर मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. आवाज जरा घुटमळला, मग वळला. मिस्त्री भीतीनं गारठला होता आणि तरी त्याला वाटत होतं, हा रस्ता संपूच नये. आरशात मात्र दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

गल्लीत शिरले तेव्हा रस्त्यात बसलेली कुत्री उठून कडेला झाली. ट्रक पुढं गेला तरी ती परत आली नाहीत. मागं बघत कडेलाच उभी राहिली.

दारासमोर म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं. आता स्क्रूड्रायव्हरची गरजच नव्हती. मागचं इंजिन आणखी दोन-तीन ठोके चाललं, ती जास्तीची टकटक धरून, आणि बंद झालं. मग मागून केबिनचा दरवाजा जोरात आपटल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

वहिनी दारात उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. तिनं ट्रककडं बघितलं नाही, ट्रकच्या मागं बघितलं, आणि वाट द्यायला जरा बाजूला सरकली.

"पाणी काढलंय," ती म्हणाली. "हातपाय धुवून घ्या."

मिस्त्री जागचा हलला नाही. घरातून त्याला बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. वहिनी अजून दारातच उभी होती.