रेडिएटरपुढचा पुठ्ठा

गेल्या रविवारी सुनंदाची गाडी नवीन पनवेलमध्ये माझ्या फाटकाशी वाफ सोडत थांबली. सुनंदा फौजेतल्या माझ्या जुन्या ड्रायव्हर सोबत्याची, नाईक हुद्द्याच्या बाळाराम म्हात्रेची मुलगी. राहते चिरनेरजवळ, नोकरी द्रोणागिरीच्या गोदामात. गॅरेजवाल्याने इंजिन उतरवायला सांगितलं होतं.

ती कापड घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाली. मी हात धरला. गरम झाकण उघडलं तर तोंड भाजतं. आधी गाडी थंड होऊ दिली. कुलंट थोडं कमी होतं, ते भरलं. गाडी सुरू करून थोड्या वेळाने रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज पाइप चाचपला. दोन्ही गरम, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय. पंखा फिरत होता. मग जाळीसमोर कागद धरला. पंखा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. तो खाली पडला.

माझ्या अंगात वीज खेळली. निवृत्तीनंतर इतका आनंद क्वचित झाला असेल. "इंजिन ठीक आहे. हवा अडली आहे."

ती हसली. "काका, आमच्या घराला गाडी जालायची सवयच हाय. गावात अजून बोलतात, बालारामने सरकारची गाडी जालली."

इंजिन बंद केलं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बोटं घातली. प्लास्टिकच्या गोणीचा चपटा तुकडा बाहेर आला. तो हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मग तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. तेच इथे लिहितो.

आमची पोस्टिंग लडाखमध्ये, बर्फाच्या पट्ट्यात होती. मी मेकॅनिक हवालदार. रात्री रेडिएटरचं पाणी काढायचं, सकाळी गरम पाणी भरायचं, गाडीच्या तोंडावर गोधडीसारखा मफ बांधायचा आणि चढ आला की मफची झडप उघडायची, हे रोजचं काम. त्या दिवशी थंडी जास्त होती. गाडी लवकर तापावी म्हणून मी मफच्या आत, जाळीमागे, दूध पावडरच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला. निघण्यापूर्वी काढणार होतो. कोणाला बोललो नाही.

इतक्यात हाक आली. एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. हेलिपॅड खिंडीपलीकडे, आणि ढग उतरत होते. बाळारामने वन-टन गाडी काढली. मी शेजारी रेडिओ सेट घेऊन बसलो. मागे जवान आणि नर्सिंग असिस्टंट.

पुठ्ठा माझ्या डोक्यातून साफ गेला.

पहिल्याच चढाला तापमानाचा काटा वर सरकला. बाळारामने उतरून झडप उघडली, परत येऊन हीटर फुल्ल केला. इंजिनची गरमी केबिनमध्ये आली, बाहेर बर्फ आणि आत आम्ही घामाने निथळत. काटा लाल पट्टीत गेला.

रेडिओवर आवाज आला, "डेल्टा, लोकेशन सांगा. ओव्हर."

"खिंडीखाली. इंजिन गरम. ओव्हर."

"हेलिकॉप्टर आलं आहे. ढगामुळे जास्त थांबणार नाही. ओव्हर."

बाळाराम पुन्हा उतरला, पुढे गेला. झडपेत हात घालून क्षणभर थांबला. मग काहीतरी कोटाच्या आत कोंबून परत आला. काटा थोडा उतरला, पण पाणी बरंच उडून गेलं होतं. इंजिनच्या गरम ब्लॉकमध्ये बर्फाचं पाणी ओतता येत नाही, तो तडकतो. थंड व्हायला थांबायला वेळ नव्हता.

मी म्हणालो, "इंजिन जाईल."

"जाऊ दे, उस्ताद. पोरगा नाय गेला पायजे."

शेवटचं वळण त्याने पहिल्या गिअरवर काढलं. इंजिन हातोडे मारल्यासारखं ठोकत होतं आणि हा शिट्टी वाजवत होता. हेलिकॉप्टरचे पंखे फिरताना दिसले तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो. जवानाला चढवलं. तो वाचला. आमचं इंजिन तिथेच कायमचं बंद पडलं.

संध्याकाळी बाळारामने कोटातून पुठ्ठा काढला आणि माझ्यासमोर बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, जाळात टाकला. दूध पावडरची अक्षरं जळताना मी पाहिली.

"उस्ताद, ड्रायवर दुसरा गावंल. गाड्यांना तुमी पायजे."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, तो म्हणाला, "मफ उघडायला मी विसरलो." मी शेजारी सावधानमध्ये उभा होतो. गप्प राहिलो. त्याची नाईकची फीत उतरली, तो पुन्हा शिपाई झाला. त्याच हिवाळ्यात रस्ता मोकळा करताना हिमकडा कोसळला आणि बाळाराम त्याखाली गेला.

सुनंदाने विचारलं, "बाबा खरंच शिट्टी वाजवत व्हते?"

"खिंडीपर्यंत."

"आई बोलायची, भ्यायले की शिट्टी वाजवायचे." तिने प्लास्टिकचा तुकडा माझ्या हातातून घेतला. "हे गावात सांगायला तुमी येनार. मी एकटीने सांगितलं तर कोन ऐकनार नाय."

आम्ही लगेच निघालो. ती चालवत होती, मी शेजारी. चिरनेरपर्यंत माझी नजर काट्यावर होती. तो मध्यावरून हलला नाही. तिच्या दारात चार माणसं जमली, आणि मी उभा राहून पुठ्ठ्यापासून सुरुवात केली.

कागदोपत्री तो शिपाई म्हणून गेला. मी मात्र गावासमोर त्याचं नाव त्याच्या हुद्द्यासकटच घेतलं. नाईक बाळाराम म्हात्रे, ड्रायव्हर. गाडी त्याने जाळली नाही. ती वेळेवर पोहोचवली.