गंधकाचं बोट

काल नातीच्या पाठीवरच्या शिब्यांच्या डागांसाठी डॉक्टरांनी दिलेली बाटली उघडली आणि सडक्या अंड्याचा तो वास नाकात घुसला. इतक्या वर्षांनीही मी बाटली नाकापासून लांब धरली.

समुद्रपूरला माहेरी दर उन्हाळ्यात माझ्या मानेवर पांढुरके डाग उठायचे. आई करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळायची. ते पिवळं, चिकट तेल घामाबरोबर पाठीवरून ओघळायचं. डाग कुणाला कळू नयेत म्हणून माझं तेलकट झंपर ती उन्हात टाकतच नसे. आतल्या अंधाऱ्या खोलीत, कापसाच्या ढिगामागे वाळत घाली. तेच ओलसर, आंबूस झंपर मी पुन्हा अंगात चढवायची. डाग जातील कसे?

त्यातच मला पाहायला हिंगणघाटची मंडळी आली. मुलाच्या आईनं सरळ माझी वेणीच उचलली.

"हे काय व्हय? कोड तं नाई ना पोरीले?"

"नाई हो बाई, शिबं हायेत. उन्हाळ्यात येतेत अन् जातेत," आई म्हणाली.

बाईंनी डागावर बोट घासलं, हुंगलं, नाक मुरडलं आणि ते बोट माझ्याच पदराला पुसलं. मला स्वतःच्याच अंगाची किळस आली.

लग्न मात्र तिथंच झालं. पहिल्याच उन्हाळ्यात, घरात कुणी नसताना, सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुह्या मायचं ते तेल आणलं असशीन तं लाव वं माह्या पाठीले."

लुगडं सरकवलं, तर खांद्यापासून कमरेपर्यंत तीच शिबं.

मी तेल चोळलं आणि बोट त्यांच्याच पदराला पुसलं.