त्याचा नसलेला आवाज

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय. मेलेल्या नटाच्या सिनेमाला किती गर्दी होते, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर बघायला मिळालं.

तो आणि मी सांगलीतल्या एका हौशी नाटक मंडळात एकाच वर्षी आलो. दिवसा तो कुपवाडला एका कारखान्यात लेथवर असायचा, मी शेजारच्या कारखान्यात स्टोअरला. पाळी सुटली की एकाच गाडीवरून तालमीला. आमचं गाव नाटकाचं माहेरघर, असं इथला जो तो छाती फुगवून सांगतो आणि नाटक असलं की घरी टीव्ही बघत बसतो. वीस वर्षांत आमच्या प्रयोगाला साठाच्या वर खुर्च्या भरलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्यातही निम्म्यांवर कलाकारांच्या घरचीच माणसं असायची.

तो दिसायला बेताचाच होता. त्याच्याकडं होता तो आवाज. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा. तो हळू बोलला तरी शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस मान वर करायचा. मला त्या आवाजाचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

सहा वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका प्लॉटिंगवाल्याला सिनेमा काढायची हुक्की आली. वाईच्या घाटावर शूटिंग झालं. हिरोच्या थोरल्या भावाचं, लष्करातल्या जवानाचं काम याला मिळालं. रजा काढून हा तीन आठवडे वाईला राहिला. डबिंगला मात्र त्याला बोलावलंच नाही. त्याचं बोलणं पुरेसं गावरान वाटत नाही, असं ठरलं म्हणे. जन्म तासगावकडच्या खेड्यात, आई अजून रानात जाते, आणि याचं बोलणं गावरान नाही. मग पुण्यातल्या कुणा आवाजवाल्यानं याच्या तोंडी वाक्य घातलं, "आये, म्या लांब ग्येलो तरी ह्याच मातीत हाय नव्हं." असं ओढूनताणून आमच्याकडं कुणीच बोलत नाही. असं बोलतात ती पुण्यात बसून खेडी बघणारी माणसं.

सांगलीत सिनेमा लागला तेव्हा तो, वहिनी आणि मी बघायला गेलो. थिएटरात आम्ही धरून अकरा जण. ते वाक्य आलं आणि तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेलो, तर गाडीपाशी उभा होता. म्हणाला, "माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ घातली रं." हा सिनेमा त्यानं पुन्हा पाहिला नाही आणि कुणाला बघूही दिला नाही. त्याला फार प्रयत्न करावे लागले नाहीत, चार दिवसांत सिनेमा उतरला. एका पेपरात तीन ओळी आल्या होत्या, त्यातला 'रटाळ' हा शब्द मला आठवतो.

गेल्या वर्षी पहिल्या पाळीत मशीनवरच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एक्केचाळीस. मागं वहिनी आणि दुसरीत जाणारी मुलगी.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. अशा वेळी आमच्याकडं एकेक जण पुढं होतो आणि गेलेल्याला शब्द देतो. पोरीला शिकवीन, आईला सांभाळीन, असं. भावानं शब्द दिला, कारखान्यातल्यांनी दिला. कावळा झाडावरच. तेवढ्यात तो प्लॉटिंगवाला निर्माता पांढऱ्याशुभ्र कपड्यांत घाट उतरला, बरोबर मोबाइलवर शूटिंग करणारा माणूस घेऊन. हात जोडून मोठ्यांदा म्हणाला की गड्या, तुझा पिक्चर पुन्हा लावतो, साऱ्या महाराष्ट्राला दाखवतो. शूटिंगवाल्यानं आम्हा सगळ्यांना मागं सरायला सांगितलं, कारण आम्ही मध्ये येत होतो. आम्ही मागं सरलो आणि कावळा उतरला. माणसं दूर झाली म्हणून पाखरू खाली आलं, एवढीच ती गोष्ट. पण संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मिरजेपासून फलटणपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर होता, आणि सिनेमा पुन्हा लावणं ही मेलेल्याची शेवटची इच्छा ठरली होती.

सिनेमा तोच, एक फ्रेम बदललेली नाही. पण आता बाहेर हाउसफुल्लचे बोर्ड. ज्या पेपरानं रटाळ म्हटलं होतं त्यानं अर्धं पान भरून काळाच्या पुढचा सिनेमा म्हटलं. 'ह्याच मातीत हाय' हे वाक्य लोकांना एकाएकी भविष्यवाणी वाटायला लागलं. चौकाचौकांत फ्लेक्स लागले, रिंगटोन झाली, त्याच्या फोटोवर हार चढवून मागं तो पुणेरी आवाज लावलेले व्हिडिओ फिरायला लागले. जिवंतपणी ज्यांनी त्याला कधी चहाला विचारलं नाही ते गळा काढून सांगत होते, आमचा जिगरी होता. बायका पदर भिजेस्तोवर रडून यायच्या आणि शेजारणीला जा म्हणून सांगायच्या. रडण्यात सुख असतं, ते एका तिकिटात कुणाला नको असतं? मला या सगळ्यांची किळस आली होती. घरी मी तोंड उघडलं की बायको म्हणायची, जेवताना तरी गप्प बसा.

मग वहिनी आल्या. शाळेत मुलं ते वाक्य लावून दाखवायची आणि मुलगी म्हणायची, हा माझ्या बाबांचा आवाज नाही. मुलं हसायची. बाईंनी जवळ घेऊन समजावलं की बाळा, तू लहान आहेस, तुझ्या लक्षात राहिलं नसेल. घरी तिला ऐकवायला वहिनींकडं काही नव्हतं. फोनवर निरोप होते दोन, एक दळण आणलं का विचारणारा आणि एक नुसता "हां, निघालो" एवढाच. नाटकाचं रेकॉर्डिंग एकाही प्रयोगाचं नाही. तो नियम माझा होता. मोबाइलवर फुकट दिसलं तर लोक नाटकाला येणार नाहीत, असं मी मंडळात ओरडून ओरडून सांगायचो. जणू लोक दारात रांगा लावूनच उभे होते.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी रोज ह्येच ऐकतीया. आणि दोन वर्सानं तिला ह्योच आवाज आठवंल. तुमी एकदा चार माणसांत सांगा, ह्यो आवाज ह्यांचा न्हाई. तिच्या कानावर पडू द्या."

मी म्हटलं, सांगतो. आणि संधी चालून आलीच. पन्नासाव्या दिवसाचा खास खेळ साताऱ्यात, दुपारी बाराचा. जिवलग मित्र म्हणून मी दोन शब्द बोलायचे होते. वहिनींना असल्या ठिकाणी पाऊल टाकायचं नव्हतं, पण मी बोलणार म्हणून त्या मुलीला घेऊन निर्मात्याच्या गाडीत बसल्या. कराडच्या पुढं मी त्यांना म्हटलंसुद्धा, की आज एकेकाची उतरवतो. मी वाक्य घोकत होतो. 'तुम्ही आता जो आवाज ऐकणार आहात तो माझ्या मित्राचा नाही.' एवढं सरळ.

नाव पुकारलं आणि मी पडद्यापुढं जाऊन उभा राहिलो. खाली, बाल्कनीत, कडेच्या वाटेत, सगळीकडं माणसंच माणसं. एवढी तोंडं माझ्याकडं वळलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या रांगेत वहिनी, शेजारी मुलगी, ताठ बसलेली.

मी सुरुवात केली, "तुम्ही आता जो आवाज ऐकणार आहात तो..." आणि थांबलो. थांबायचं ठरलेलं नव्हतं. पण वीस वर्षांची सवय, वाक्यात कुठं थांबलं की लोक पुढं झुकतात ते कळतं. सगळं थिएटर चिडीचूप झालं. माझ्या एका शब्दासाठी सातशे माणसं श्वास धरून बसली होती. मी मनात तीन आकडे मोजले, आणि माझ्या तोंडातून निघालं, "...तो माझ्या मित्राचा आवाज आहे. ह्या मातीचा आवाज आहे."

शिट्ट्या, टाळ्या. बाल्कनीतली माणसं उठून उभी राहिली. मी हात जोडले, मान लववली, आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. आनंदाचा. ज्या लोकांना मी पन्नास दिवस शिव्या घालत होतो त्यांच्यापेक्षा मी खालचा निघालो. ते निदान फसलेले होते.

सिनेमाभर वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. सुटल्यावर आम्ही गाडीची वाट बघत पायरीवर उभे होतो. लोक येऊन माझे हात हातात घेत होते, फोटो काढत होते. मी एकेकाला नको म्हणत होतो आणि उभा राहत होतो. वहिनींनी पोरीचा हात धरला होता. पोरगी आईच्या पदराला ओढून म्हणाली, "आई, काका म्हणले की, तो बाबांचाच आवाज हाय. मीच इसरले हुते."