आबांचा कान आणि माझी भुवई

कानामागच्या यंत्राची रिकामी डबी दिसली, की आमच्या चाकणच्या घरातली ती सकाळ आठवते. ऑपरेशन करून आबांना बसवलेलं ऐकण्याचं यंत्र दवाखान्यातल्या मॅडम मुंबईहून लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून जुळवत होत्या. आवाज आला की आबांनी हात वर करायचा. आबा दरवेळी अचूक, कारण आवाज सोडायला पडद्यावर मॅडमचं बोट हललं की मी भुवई उडवायचो. आम्ही बापलेक दोघंही कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधले, मशिनच्या धडधडीत खुणांनीच बोलणारे. शेवटी मॅडम म्हणाल्या, “काका, मी नुसतं बोट हलवलं, आवाज दिलाच नव्हता. दादा, तुम्ही खुणा केल्या तर यंत्र चुकीचं जुळेल, अशानं यांना बोलणं कधीच कळणार नाही. तुम्ही गॅलरीत जा.” गेलो, आणि तिथं घाबरून रडलोही. तासाभराने आतून आबा म्हणाले, “नाक कोण ओढतंय? पडसं झालंय का रं?” “न्हाई,” मी ओरडलो. “बोंबलतो कशाला, येतंय की ऐकू.” मी अजूनही ओरडूनच बोलतो, आणि ते नुसती भुवई उडवतात.