टनभाऊ फुगा मागतात

टनभाऊंची गादी विकायची रीत अशी. गिऱ्हाइकासमोर तोंडाची वाफ दवडायची नाही, सरळ गादीवर बसायचं. तेही साधं नाही; अंग जरा उचलायचं, धप्पकन आदळायचं आणि म्हणायचं, "मला झेलते, मग तुमचं काय घेऊन बसलात?" गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक कधी ना कधी पाकिटाला हात घालतंच. पलीकडच्या दुकानात टाय लावलेली दोन सडपातळ पोरं होती. ती गादीवर बसली तरी गादीला पत्ताच लागत नसे. त्यांच्या गाद्यांवर कोण विश्वास ठेवणार?

तर अशा माणसाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. पथ्य झालं, चालणं झालं, वजन ढिम्म. मग ऑपरेशनचं निघालं. खाणं कमी होणार याचं भाऊंना दुःख नव्हतं असं म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल, पण खरी धास्ती वेगळीच होती. मालक एकदा चहा पिता पिता म्हणाला होता, "करा हो, खुशाल बारीक व्हा. पण मग गादीवर बसायला मी कोणाला आणू?" मालक थट्टेत बोलला, भाऊंच्या मात्र ते डोक्यातून जाईना. बारीक झालो तर दुकानात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर प्लास्टिकची तीन पोटं मांडलेली दिसली आणि भाऊ सावध झाले. एक हलकं, एक महागडं, मध्ये आपल्याला खपवायचं असेल ते. हा डाव त्यांनी स्वतः जन्मभर खेळलेला. म्हणजे बाईंना मधलं गळ्यात मारायचंय तर.

"हा फुगा," बाई म्हणाल्या. "नळीने पोटात सोडून फुगवतो, काही महिन्यांनी काढतो. ही मधली स्लीव्ह. पोटाचा बराचसा भाग कापून काढायचा, केळ्यासारखी नळी उरते. आणि हा बायपास. पोटाची छोटी पिशवी करायची आणि आतडं खालून वर आणून तिला जोडायचं."

"कापलेलं परत लावून मिळतं?"

"नाही."

"आणि फुगा काढल्यावर?"

"बऱ्याच जणांचं वजन पुन्हा चढतं."

भाऊंचा चेहरा खुलला. "मग फुगाच द्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वजन परत यावं म्हणून फुगा मागणारे तुम्ही पहिलेच. बरं, छातीत जळजळ होते का?"

"छे छे. काही त्रास नाही."

"उशीखाली जळजळीच्या गोळ्या असतात," शेजारी बसलेल्या वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, म्हणाल्या. भाऊंनी डोळे वटारले. वहिनींनी तिकडे बघितलंच नाही.

"मग स्लीव्ह नको. जळजळ आणखी वाढेल," बाई म्हणाल्या. "तुमची साखरही जास्त आहे. बायपास बरा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर घ्याव्या लागतील."

भाऊ चाट पडले. मधला माल स्वतःच बाद करणारा दुकानदार त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"झोपेत घोरतात?" बाईंनी वहिनींना विचारलं.

"घोरतात तोवर बरं असतं," वहिनी म्हणाल्या. "घोरणं थांबलं, श्वास थांबला, की मी उठून बसते. हलवलं की परत सुरू होतो."

"ते वजनामुळेच. वजन उतरलं की कमी होईल," बाई म्हणाल्या.

"हिला कशाचीही काळजी वाटते," भाऊ हसत म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "विचार करून सांगतो." असं म्हणून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्याच आठवड्यात एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. भाऊ गोळ्या घरी विसरले होते. दुकानात गर्दी होती. भाऊ एका नवराबायकोला उशा दाखवत होते, ते म्हणाले, "बस जरा, आलोच." वहिनी मांडलेल्या एका गादीच्या कडेला टेकल्या.

भाऊ त्या दोघांना घेऊन गादीकडे आले तर वहिनी आडव्या. चपला पायातच, पर्स पोटावर, तोंड उघडं. भर दुकानात, लोकांच्या येण्याजाण्यात, गाढ झोपलेल्या. गिऱ्हाइकांना गंमत वाटली. मालक तर खूश झाला. "वहिनींना रोज आणत चला, भाऊ. तुमच्यापेक्षा झकास जाहिरात आहे."

भाऊ हसायला गेले आणि त्यांना हसू येईना. ही एवढी दमलीय, आणि आपल्याला पत्ता नाही. हिने रात्रीच्या रात्री आपला श्वास राखत काढल्या आणि आपण सकाळी उठून चहाला उशीर झाला म्हणून कुरकुर केली. भाऊंना स्वतःची लाज वाटली. फुगा मागताना आपण हिच्या किती रात्रींचा सौदा करत होतो, तेही आत्ता कळलं.

"हीच गादी दाखवा ना," गिऱ्हाईक बाई म्हणाल्या.

"ही गेली. दुसरी बघा."

त्यांनी वहिनींच्या चपला अलगद काढल्या, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "डॉक्टरबाई, मी तो फुगावाला. बायपासच करा. लवकरात लवकरची तारीख द्या."

"अहो भाऊ," मालक पलीकडून ओरडला, "गिऱ्हाईक खोळंबलंय, बसून दाखवा की!"

भाऊंनी फोनवर हात ठेवला. "मालक, जरा हळू," ते म्हणाले. "झोपलीय ती."